मंचापर्यंतची दीडशे पावलं

साऊंडवाल्याचा टेम्पो मैदानाच्या फाटकाशी थांबतो. पुढे मांडवाचे बांबू, खुर्च्यांच्या चळती, कालच्या पावसाचा चिखल. मंच तिथून दीडशे पावलं. ढोलकीवाला ढोलकी खांद्याला लावून केव्हाच पुढे गेलेला असतो, बासरीवाल्याचं सगळं दुकान एका पिशवीत, आणि कीबोर्डवाला आपलं धूड सांभाळत सगळ्यात मागे. कोणता कीबोर्ड घेऊ, असं विचारायला तरुण मुलं माझ्याकडे येतात तेव्हा टोन किती, स्क्रीन केवढा, मेमरी किती हे बोलत असतात. मी आधी विचारतो, तुझ्या सुपाऱ्या कुठल्या असतात आणि तिथवर तू जातोस कसा? लोकलनं, एसटीनं, की टेम्पोतून? उत्तर मिळालं की निम्मी निवड होऊन जाते.

मला तर या वाद्याचा सगळा इतिहास वजन उतरवण्याचाच वाटतो. संगीत नाटकांत पायानं भाता चालवायचा ऑर्गन मंचासमोर असे. दोन्ही हात मोकळे, सूर भरदार आणि अखंड, म्हणून नाटक कंपन्या पडदे-पेटाऱ्यांबरोबर तोही गावोगाव नेत. अमेरिकेत 1954 साली आलेला हॅमंड बी-3 बाकडं आणि पायपट्ट्यांसकट दोनशे किलोंच्या घरात जाई. त्याच्या पोटात 91 चकत्या फिरत, त्यातून सूर निघे. 1970 चा मिनीमूग एका माणसाला उचलता यायचा, पण तो एका वेळी एकच सूर देई. मग 1983 साली यामाहाचा डीएक्स-7 आला. वजन 14.2 किलो, एका वेळी 16 सूर, आणि त्यातला इलेक्ट्रिक पियानोचा टोन इतका गोड की पन्नास किलोंहून जड असलेला ऱ्होड्स पुष्कळांनी घरीच ठेवला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका साध्या केबलनं जोडून दाखवले गेले. तोच मिडी. एकावर वाजवायचं आणि आवाज दुसऱ्याचा, ही सोय झाल्यावर दुसऱ्या वाद्याच्या पट्ट्या वाहून न्यायची गरजच उरली नाही. नुसता आवाजाचा डबा पुरे.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बहुधा दोन कीबोर्ड असतात. एक जण कॉर्ड्स आणि स्ट्रिंग्ज धरून ठेवतो, दुसरा पीसेस वाजवतो, म्हणजे गाण्याच्या मधल्या जागांतली सतार, संतूर, बासरी, सनई. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांना वाद्यंही वेगळी लागतात. कॉर्ड्सवाल्याला पट्ट्या जास्त हव्यात, म्हणजे डाव्या हाताला बेस आणि उजव्या हाताला स्ट्रिंग्ज असं विभागता येतं. 76 पट्ट्यांवर हे निवांत जमतं. पीसेसवाल्याला 61 पुरतात, पण त्याचा जीव असतो डाव्या हाताच्या बेंडरमध्ये. मींड तिथूनच येते. रोलँडच्या बहुतेक कीबोर्डांवर एकच दांडी असते, आडवी ढकलली की सूर वाकतो, पुढे ढकलली की कंप येतो. यामाहावर त्यासाठी दोन वेगळी चाकं असतात. वर्षानुवर्षं एकावर सनई वाजवलेला हात दुसऱ्यावर अडखळतो, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून दुकानात गेल्यावर पियानोचा टोन लावून बसू नये. बासरी लावावी, यमनातला तीव्र मध्यम पंचमाला नेऊन भिडवावा, मग ठरवावं.

मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग सिंथेसायझरवर वाजवून रेकॉर्ड काढली, तेव्हाही प्रश्न मींडेचाच होता. त्यांच्याकडे रोलँडचा ज्युपिटर-8 होता, एकटा 22 किलोंचा, आणि सोबतीला हातावर मावेल एवढा टीबी-303. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्या छोट्या डब्याची खोड रागाच्या चालीला जवळची निघाली. वजनाचा आणि सुराचा संबंध तेव्हापासूनच सरळ नव्हता.

महाराष्ट्रातल्या वाद्यवृंदांत पुढे रोलँडच्या एक्सपी मालिकेनं ठाण मांडलं. 1996 चा एक्सपी-80 आणि 1998 चा एक्सपी-60 अजून कित्येक मंचांवर दिसतात. कारण त्यांच्यासाठी इथल्याच जाणत्या हातांनी भारतीय टोन घडवले आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे फ्लॉपीवरून फिरले. माझ्या फ्लॉप्या मी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचो, तरी एका पावसाळ्यात त्यांना बुरशी लागलीच. नंतर एकदा भर कार्यक्रमाआधी स्क्रीनवर आतली बॅटरी संपत आल्याची सूचना आली. कीबोर्डच्या पोटातली ती नाण्याएवढी बॅटरी गेली की स्वतः बनवलेले सगळे टोन पुसले जातात. जुना कीबोर्ड विकत घेणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात ती बदलून घ्यावी, पण त्याआधी टोन उतरवून ठेवावेत. नव्या वाद्यांवर पेन ड्राइव्ह चालतो. तो एक कीबोर्डच्या बॅगेत आणि दुसरा स्वतःच्या खिशात.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. कीबोर्ड बंद पडल्यावर पुन्हा चालू व्हायला किती वेळ घेतो? गावच्या उत्सवात जनरेटर एकदा तरी दम टाकतो. कॉर्गच्या क्रोनॉससारखी मोठी वर्कस्टेशन्स आतून संगणकच असतात, सगळे आवाज भरून उभी राहायला त्यांना दोनेक मिनिटं लागतात. लावणी ऐन रंगात असताना दोन मिनिटं म्हणजे युग. लहान कीबोर्ड काही सेकंदांत हजर होतो. मी दीडशे रुपये उधळायला निघालेल्या रसिकाला हात आखडता घेताना पाहिलं आहे, म्हणून मोठ्या कीबोर्डला आता लहान यूपीएस लावतो आणि तेही वजन हिशेबात धरतो.

विजेच्या बाबतीत हयगय करू नये. परदेशातून आलेल्या जुन्या वाद्यांवर मागची पट्टी वाचावी. जपानमधलं वाद्य 100 व्होल्टचं असतं. ते आपल्या 230 च्या बोर्डात थेट लावलं तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. अडॅप्टर बाहेरून सारखे दिसले तरी कुणाची मधली पिन धन असते तर कुणाची ऋण, म्हणून प्रत्येक अडॅप्टरला आणि त्याच्या कीबोर्डला एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. मला स्वतःला संगणकाची तीन पिनांची केबल लागणारं वाद्य आवडतं. ती विसरली तरी कुठल्याही तालुक्याच्या गावी उसनी मिळते. स्पीकरमधून घरघर येते म्हणून अर्थिंगची पिन मोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नये, ओल्या मंचावर तर नाहीच. डीआय बॉक्स घ्यावा, त्यावर त्याच कामाचं बटण असतं.

आता वाहतूक. 61 पट्ट्यांचा हलका कीबोर्ड, उदाहरणार्थ रोलँडचा 5.3 किलोंचा जुनो-डीएस 61, पाठीवर घेऊन लोकलच्या मालडब्यात उभं राहता येतं. त्याचाच 88 पट्ट्यांचा, पियानोसारख्या जड पट्ट्यांचा भाऊ सोळा किलोंच्या वर जातो, आणि लांबी जवळपास दीड मीटर. तो लहान गाडीच्या मागच्या सीटवर आडवा बसत नाही. पुढची सीट पाडून तिरका घालावा लागतो. म्हणजे तुमच्याबरोबर येणारा गायक रिक्षानं. घेण्याआधी घरचं माप, गाडीचं माप, जिन्याच्या वळणाचं माप टेपनं घ्यावं. मी एकदा घेतलं नव्हतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलच्या जिन्यात चौघं अडकलो होतो.

टेम्पोत कीबोर्ड झोपवून न्यायचा असेल तर पट्ट्या वर आणि त्यावर काहीही नाही. उभा ठेवायचा तर मागच्या लांब कडेवर. आखूड कडेवर उभा केला की घाटाच्या एका वळणात तो कोसळतो. बेंडरच्या बाजूला स्पीकरचा कोपरा येऊ देऊ नये, दांडी तुटते. प्लायवूडची, अॅल्युमिनियमच्या कडांची फ्लाइट केस टेम्पोसाठी उत्तम, पण तिचंच वजन कीबोर्डइतकं होतं. विमानानं जाताना ते नडतं. देशात साध्या तिकिटावर बहुतेकदा 15 किलो सामान चालतं आणि कोणताही एक नग 32 किलोंच्या वर घेत नाहीत. पॉवर बँक केसमध्ये विसरू नये, ती हातातच न्यावी लागते. बाहेरगावी मोठी सुपारी असेल तर मी आता वाद्य तिथेच भाड्यानं मागवतो आणि पेन ड्राइव्ह, पेडल, अडॅप्टर तेवढं नेतो. मात्र मॉडेलचं पूर्ण नाव आधी लिहून घेतो, कारण एका अक्षराच्या फरकानं टोनची फाइल उघडत नाही.

मंचावर पोचल्यावरही वाद्याचे वैरी संपत नाहीत. पावसाळ्यात दिव्याभोवती आलेली पाखरं पंख टाकून पट्ट्यांच्या फटीत शिरतात. हिवाळ्यात उघड्या मैदानावर बाराच्या सुमारास दव पडतं, हात ठेवला की पट्टी ओली लागते. गणपतीतला गुलाल तर सरकत्या बटणांच्या खाचेत वर्षभर सापडतो. तोंडानं फुंकर मारू नये, ओल जाते. रंगकामाचा मऊ ब्रश बॅगेत असावा आणि गाणं नसेल तेव्हा वर सुती पंचा. प्लास्टिक थेट अंथरलं तर आतली वाफ आतच राहते. गायिका ऐन वेळी पट्टी बदलते, काळी चारच्या ऐवजी काळी दोन म्हणते, तेव्हा ट्रान्सपोजचं बटण दाबून भागतं, पण ते पुढच्या गाण्याआधी परत शून्यावर आणायचं राहून जातं. माझ्याकडून राहिलं होतं. निवेदकानं नाव घेतलं, मी सुरुवात केली आणि अख्खं रिदम माझ्याकडे बघू लागलं. तेव्हापासून त्या बटणाशेजारी लाल ठिपका लावला आहे.

रात्री दोनला आवराआवर करताना घाई होते, आणि वाद्यं मोडतात ती बहुतेक याच वेळी. केबल कोपराभोवती गुंडाळू नका, तिच्या स्वतःच्या वळणानं गुंडाळा. पेडलची पिन काढल्याशिवाय कीबोर्ड उचलू नका. स्टँड शेवटी दुमडा, कारण तोवर कीबोर्डला टेकायला दुसरी जागा नसते. घरी पोचलं की पहाट झालेली असते. झोपायच्या आधी मी बॅगेची चेन पूर्ण उघडतो, कीबोर्ड बाहेर काढून दिवाणावर पालथ्या चादरीवर ठेवतो आणि पंखा लावतो. सकाळी नातू येऊन त्यावर एक पट्टी दाबतो, आवाज येत नाही म्हणून हिरमुसतो, आणि मी उठून अडॅप्टर शोधायला लागतो. हिरवी चिकटपट्टी असलेला.