ग्रूम सरोवरावरील विमानतळ : एका गाळलेल्या स्थलनामाची हकीकत

जुन्या दप्तरांत एखादें नांव खोडलेलें आढळलें, म्हणजे शोधकाचें लक्ष प्रथम तेथेंच जातें. लिहिणारानें काय लिहिलें याइतकेंच पुसणारानें काय पुसलें, हेंहि इतिहासाचें साधन होय. अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यांतील ग्रूम सरोवराचा वृत्तांत आम्ही येथें देतों तो याच दृष्टीनें. या स्थळाचें नांव सरकारी ग्रंथांतून वगळलें गेलें व पुढें त्याच ग्रंथांत परत उमटलें.

(१) स्थळ. लास व्हेगास शहराच्या उत्तरवायव्येस सुमारें ८० मैलांवर हें स्थळ आहे. सरोवर तें नांवाचेंच. वस्तुतः क्षारानें झांकलेलें कोरडें, सपाट मैदान होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लगतच्या डोंगरांत शिसें व चांदी यांच्या खाणी चालू झाल्या. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी वैमानिकांस गोळीबाराचें शिक्षण देण्याकरितां या मैदानाचा उपयोग झाला व तेथें एक धांवपट्टीहि तयार झाली.

(२) स्थापना. रशियाच्या प्रदेशावरून अति उंच उडून छायाचित्रें घेणारें यू-२ विमान अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तवार्ता खात्यानें लॉकहीड कंपनीकडून बांधविलें. त्याच्या चांचणीस निर्जन जागा हवी होती. एप्रिल १९५५ मध्यें खात्याचे रिचर्ड बिसेल, विमानदलाचे कर्नल ऑस्मंड रिटलंड, लॉकहीडचे केली जॉन्सन व वैमानिक टोनी लेव्हियर असे चौघे विमानांतून पाहणीस गेले. वरून जुनी धांवपट्टी पक्की दिसत होती. परंतु ते उतरले सरोवराच्या तळावर. मग पायीं जाऊन पाहतां, पट्टी ठोकलेल्या मातीची असून तिचा घोटाभर धुरळा झाला आहे, असें आढळलें. राष्ट्राध्यक्ष आयसेनहौर यांच्या संमतीनें ही जागा शेजारच्या अणुबाँब-चांचणीच्या क्षेत्रास जोडण्यांत आली. ता. १ ऑगस्ट १९५५ रोजीं केवळ जमिनीवर वेगानें धांवविण्याची चांचणी चालू असतां यू-२ अकल्पितपणें हवेंत उचललें. तेंच त्याचें पहिलें उड्डाण.

(३) नांवें. नकाशांत या पट्टीस 'क्षेत्र ५१' अशी संज्ञा होती. कामगारांस जागा आकर्षक वाटावी म्हणून जॉन्सन यांनीं तिला 'पॅरडाइज रँच' म्हटलें. त्याचें नुसतें 'रँच' झालें. 'वॉटरटाउन' हेंहि नांव चाले. शोधकास या सर्व नांवांखालीं कागद धुंडाळावे लागतात. एकाच नांवानें शोधणारास अर्धा इतिहास मिळावयाचा नाहीं.

(४) पुढील कार्य. १९६२ च्या एप्रिलांत ए-१२ हें अतिवेगवान विमान येथूनच उडालें. १९७७ च्या डिसेंबरांत, रडारास सहज न दिसणाऱ्या विमानाचा 'हॅव ब्लू' नांवाचा नमुना येथें प्रथम उडाला. त्या काळीं उतारूंचीं विमानें १० ते २० हजार फुटांवरून जात; यू-२ तर ६० हजारांच्याहि वर. सूर्य मावळल्यावरहि त्या उंचीवर ऊन असे व त्यांत पंख चमकत. खालून पाहणारांनीं ते परग्रहावरील यान समजावें, यांत नवल नाहीं. सरकारला खरें कारण ठाऊक होतें, पण सांगतां येत नव्हतें. दंतकथेस खतपाणी मिळालें तें या मौनाचें.

(५) दोन पाठ. खात्याचे इतिहासकार ग्रेगरी पेडलो व डोनल्ड वेल्झनबाख यांनीं यू-२ व ए-१२ यांचा इतिहास १९९२ मध्यें गुप्त स्वरूपांत सिद्ध केला. त्यांतील यू-२ चा भाग १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला, तो स्थळाचें नांव गाळून. जेफ्री रिचेलसन यांनीं २००५ मध्यें केलेल्या अर्जावरून ऑगस्ट २०१३ मध्यें जवळजवळ संपूर्ण पाठ बाहेर आला. त्यांत नांव आहे व नकाशाहि आहे. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचावे. कोठें काय झांकलें हें पहिल्यावरून कळतें व झांकण्याजोगें काय होतें हें दुसऱ्यावरून. म्हणून संपूर्ण प्रत हातीं आली तरी खंडित प्रत टाकून देऊं नये.

(६) अनुत्तरित बाब. सगळेंच मात्र उघड झालेलें नाहीं. १९९४ मध्यें येथील कांहीं कामगारांनीं व मृतांच्या विधवांनीं दावा लावला. उघड्या खड्ड्यांत विषारी द्रव्यें जाळल्यामुळें आजार जडले, अशी त्यांची तक्रार होती. १९९५ मध्यें राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं या स्थळासंबंधीं माहिती प्रकट करण्यापासून विमानदलास सूट दिली. १९९८ मध्यें अपील न्यायालयानेंहि राज्यगुह्याचा बचाव मान्य केला. कामगारांचें म्हणणें खरें कीं खोटें, याचा निवाडा झालाच नाहीं.

विमानांची कीर्ति कागद बाहेर आल्यावर त्यांस मिळाली. मजुरांस कागदावांचून न्याय मिळाला नाहीं. दप्तर केवळ जिज्ञासेकरितां जपावयाचें नसतें, याची ही साक्ष आहे. झांकलेला कागद जिवंत राहिला तर उद्यां तो बोलेल. नष्ट झाला तर त्याच्यावर विसंबलेला मनुष्यहि कायमचा मुका होतो.