इंटर, एस.वाय. आणि हिशेबात न धरलेली वर्षं

लग्नाच्या बायोडेटावर ‘शिक्षण : एस.वाय.बी.ए.’ असं लिहिलेलं सोलापुरात अजूनही दिसतं. कुणी ‘बी.ए. अपिअर्ड’ लिहितं. पाहुण्यांना काय समजायचं ते समजतं. मुलगी दोन वर्षं कॉलेजात गेली, पेपर दिले, पासही झाली; पण नोकरीच्या अर्जावर तिला ‘बारावी पास’ एवढंच लिहावं लागतं. मधली दोन वर्षं कुणाच्याच खात्यावर जमा नाहीत.

अमेरिकेत या दोन वर्षांची पदवी मिळते. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी चार वर्षांच्या कॉलेजचे दोन भाग केले आणि पहिला भाग पुरा करणाऱ्याला १९०० पासून ‘असोसिएट’ पदवी देऊ केली. ज्याला तिथंच थांबायचं त्यानं मान खाली न घालता थांबावं, हा त्यातला एक हेतू. १९०१ मध्ये जवळच्या जोलिएट गावात हायस्कूलच्या आधारानं सहा विद्यार्थ्यांचं ज्युनिअर कॉलेज निघालं. आजच्या कम्युनिटी कॉलेजांची सुरुवात तिथली. ही पदवी साधारण ६० क्रेडिटची असते. ‘जनरल स्टडीज’ घेतलं तर एका विषयाला बांधून घ्यावं लागत नाही. थोडं भाषा-गणित, थोडं विज्ञान, थोडा इतिहास चालतो. आणि पुढं शिकायचं ठरलं तर, विद्यापीठानं क्रेडिट मान्य केले की थेट तिसऱ्या वर्षात बसता येतं.

आपल्याकडे पूर्वी असा थांबा होता, त्याला ‘इंटर’ म्हणत. अकरावीची मॅट्रिक, मग कॉलेजची दोन वर्षं आणि इंटरची परीक्षा. त्यापुढे ज्युनिअर बी.ए., सीनिअर बी.ए. इंटर ही पदवी नव्हे, पण ‘इंटर झालेला’ माणूस म्हणजे कोण, हे कचेरीत आणि सोयरिकीत सगळ्यांना ठाऊक असायचं. सोलापूरच्या मुलांना ही इंटरही बराच काळ गावात मिळत नव्हती. गिरण्यांचं एवढं मोठं शहर, पण कॉलेजसाठी पुण्याचं फर्ग्युसन, सांगलीचं विलिंग्डन नाहीतर कोल्हापूरचं राजाराम गाठावं लागे. गावात दयानंद कॉलेज निघालं ते १९४० मध्ये. त्यानंतर १९५३ मध्ये संगमेश्वर.

दयानंदची गंमत अशी, की इमारत जागची हलली नाही आणि विद्यापीठं मात्र चार झाली. आधी मुंबई, १९४९ नंतर पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, आणि १ ऑगस्ट २००४ पासून सोलापूर विद्यापीठ, म्हणजे आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ. दरम्यान १९७० च्या दशकात १०+२+३ चा आकृतिबंध आला. इंटर गेली. बारावी आली आणि तिच्यापुढे पदवीची सलग तीन वर्षं. मधे उतरायला पायरीच उरली नाही.

नवं शैक्षणिक धोरण ती पायरी परत बांधू पाहतंय. महाराष्ट्राच्या २०२३ च्या शासन निर्णयानुसार एका वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर ८० ते ८८ क्रेडिटवर पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मधे बाहेर पडणाऱ्यानं आणखी चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करायची. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली अशी यादी पाहून पहिल्या वर्षाची पोरं गोंधळतात, आणि खरं सांगायचं तर पालक त्याहून जास्त. अमेरिकेतल्या जनरल स्टडीजइतकी ही मोकळीक नाही, कारण इथं मेजर, म्हणजे मुख्य विषय, सुटत नाही.

मिळवलेले क्रेडिट ज्या खात्यात जमा होतात ती अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये सुरू झाली. बाहेर पडलेल्यानं तीन वर्षांत परत यावं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करावी, असा नियम आहे.

कागदावर हे सगळं ठीक आहे. पण नोकरीची जाहिरात उघडून बघा. पोलीस शिपायाला बारावी लागते. तलाठ्याला पदवी लागते, राज्यसेवेलाही पदवी. डी.एड. बारावीवर होतं, बी.एड.ला पदवी हवी. बारावी आणि पदवी यांच्या मधल्या जागेत सर्वसाधारण पदविकेला विचारणारं कुणी नाही. जुन्या इंटरला किंमत होती, कारण तिला ओळखणारा मालक होता. विद्यापीठानं कागद छापला म्हणून तसा मालक आपोआप तयार होत नाही.

म्हणून मला धास्ती वाटते ती बाहेर पडायच्या दाराची. सोलापूरच्या पूर्वभागात घरोघरी विड्या वळल्या जातात, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. पोरगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल काढायला लागला, पोरीचं लग्न ठरलं, की कॉलेज सुटतं. हौसेनं कुणी सोडत नाही. अशा घरात ‘आता डिप्लोमा मिळाला ना, बास की’ हे वाक्य किती सहज निघेल! माझ्या मते आधी परत यायचा रस्ता रुंद करायला हवा. आणि मागावरच्या त्याच कामाला चार क्रेडिटची इंटर्नशिप म्हणून धरायला काय हरकत आहे? शिकवणारा कारागीर तिथं आहेच.

परतीचा रस्ता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानं १९८९ पासून दाखवलाय. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षेवरून त्यांनी पदवीला घेतलं; वय, नोकरी, संसार आड आला नाही. सोलापुरात हमालापासून अंगणवाडी सेविकेपर्यंत ‘मुक्तमधनं बी.ए. केलं’ हे वाक्य बिनसंकोच ऐकू येतं.

संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्या पहिल्या तुकडीची दोन वर्षं २०२६ च्या उन्हाळ्यात भरतात. तेव्हा पदविका घेऊन निघालेल्या मुलीला परत यायला २०२९ पर्यंत मुदत. ती मूल कडेवर घेऊन कॉलेजच्या खिडकीशी येईल, तेव्हा ‘गॅप सर्टिफिकेट आणा’ म्हणण्याआधी आतल्या क्लार्कनं तिचं क्रेडिटचं खातं उघडून पाहावं, असं लेखी परिपत्रक प्रत्येक कॉलेजात आत्ताच लागायला हवं.