तीळ दीर्घ, तिळगुळातला ‘ति’ ऱ्हस्व

तिसरीच्या वर्गात ‘माझी आई’ या विषयावर आठ-दहा ओळी लिहायला सांगितल्या, की बहुतेक वह्यांतून एकच आई भेटते. ती ‘चांगली’ असते, ‘छान’ जेवण करते आणि ‘खूप’ प्रेम करते. मधल्या सुटीत मात्र हीच मुले आईच्या पुरणपोळीचे, तिच्या डोळे वटारण्याचे, धाकट्या भावाला थोपटून निजवण्याचे वर्णन मोठ्या चवीने करत असतात. ही आई वहीत का उतरत नाही? कारण साधे आहे. ‘पुरणपोळी’तला उकार पहिला की दुसरा, याची खात्री नसलेले मूल तो शब्दच टाळते आणि ‘जेवण’ लिहून मोकळे होते. लाल शाईचा गोल चुकतो, वही शुद्ध दिसते. पण मुलाच्या हातून एक चांगला शब्द निसटलेला असतो.

प्राथमिक शाळेत शब्दसंपत्ती आणि शुद्धलेखन हे दोन वेगळे विषय असल्याप्रमाणे शिकवले जातात. धड्याखालचे शब्दार्थ पाठ करायचे ते एका तासाला आणि श्रुतलेखनाचे दहा शब्द दुसऱ्या तासाला. मराठीपुरते बोलायचे, तर ही फारकत मुलांना विशेष महाग पडते. मराठीत एखाद्या शब्दातली वेलांटी पहिली की दुसरी, हे पुष्कळदा त्या शब्दाच्या कुळावरून आणि तो वाक्यात कोणत्या रूपाने येतो यावरून ठरते. शब्दाची ओळखच नसेल, तर त्याची वेलांटी पाठ करणे म्हणजे केवळ घोकंपट्टी होय.

सध्या चालणारे लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. त्यांतील चौदा नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार काढून टाकले. तोवर ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे लिहिले जाई. घरातल्या जुन्या पत्रांत ही रूपे अजूनही सापडतात आणि ती त्या काळी शुद्धच होती. आठ वर्षांच्या मुलाला हे अठरा नियम ‘तत्सम’, ‘उपान्त्य’ अशा संज्ञांसह ऐकवण्यात काहीच हशील नाही. मात्र या नियमांतला मोठा भाग मुलाच्या जिभेला आधीपासून ठाऊक असतो. तो त्याच्या ध्यानात आणून देणे, हे शिक्षकाचे काम.

त्यासाठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. फळ्यावर एका रांगेत दूध, मीठ, पीठ, तूप, गूळ, तीळ, ऊस असे शब्द लिहावेत आणि समोरच्या रांगेत दुधाचा, मिठाचा, पिठाचा, तुपाचा, गुळाचा, तिळाचा, उसाचा. मग मुलांना दोन्ही रांगा मोठ्याने म्हणायला लावाव्यात. ‘दूध’ म्हणताना ‘दू’ लांबतो, ‘दुधाचा’ म्हणताना तो आखडतो, हे कोणीही न सांगता वर्गाला ऐकू येते. शब्दाच्या शेवटी साधे, काना-मात्रा नसलेले अक्षर असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार दुसरा; आणि पुढे प्रत्यय लागून शब्द लांबला, की तोच पहिला होतो. नियमाची पाटी न लावता नियम हाती येतो. याच वाटेने बहीण-बहिणीला, जमीन-जमिनीवर, वकील-वकिलाने, गरीब-गरिबाला ही मंडळी आपोआप रांगेत उभी राहतात.

यातला सर्वांत गोड शब्द संक्रांतीचा. ‘तीळ’ सुटा असताना दीर्घ. पण ‘तिळगूळ’ म्हटले, की तीळ आत सरकतो आणि त्याची वेलांटी पहिली होते. गूळ मात्र शेवटी असल्याने दीर्घच राहतो. आता ‘तिळगुळाची वडी’ म्हणून पाहावे. गुळाचाही उकार आखडतो. मुले अशा गमतीत रमतात आणि अपवादही स्वतःच शोधून आणतात. ‘चिंच’ दूध-मिठासारखीच असूनही तिची वेलांटी पहिली का, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर डोक्यावरच्या टिंबात आहे. मराठी शब्दात पुढे अनुस्वार किंवा जोडाक्षर आले, की आधीची वेलांटी वा उकार सहसा पहिला: चिंच, भिंत, उंच, विस्तव, कुस्ती.

कानाची ही मदत ज्या ठिकाणी संपते, तेथे खरी अडचण सुरू होते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मराठीच्या या चालीला जुमानत नाहीत. ‘गुण’, ‘विष’, ‘मधुर’, ‘मंदिर’ यांच्या शेवटी साधे अक्षर असूनही वेलांटी-उकार पहिलेच. उलट ‘शरीर’चे ‘शरीराला’ आणि ‘परीक्षा’चे ‘परीक्षेला’ झाले, तरी ‘री’ दीर्घच. मुलांना समजेल अशा भाषेत सांगायचे, तर काही शब्द घरचे आणि काही पाहुणे. घरचे शब्द घराच्या रीतीने वागतात, पाहुणे आपली रीत सोबत घेऊन येतात. पाहुण्यांसाठी कान पुरेसा नाही, डोळा हवा. शब्द नीट पाहायचा, म्हणायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि मग स्वतःच पडताळून पाहायचा. एका आठवड्याला असे पाच-सहा शब्द पुष्कळ झाले. पण तेच शब्द चार दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारले गेले पाहिजेत. पाहुण्यांतही कुळे असतात. सामाजिक, आर्थिक, हार्दिक ही ‘इक’ची मंडळी नेहमी ऱ्हस्व, भारतीय, राष्ट्रीय, शासकीय ही ‘ईय’ची मंडळी दीर्घ. दोन कुळे कळली, की डझनभर शब्द एकदम मार्गी लागतात.

शिक्षेच्या जुन्या पद्धतीबद्दल दोन शब्द. चुकलेला शब्द ‘शंभर वेळा लिहून आण’ असे सांगितले, की मूल आधी पानभर ‘प’ लिहिते, मग त्याच्या शेजारी पानभर ‘री’, आणि शेवटी ‘क्षा’. शंभरदा लिहूनही ‘परीक्षा’ हा शब्द त्याने एकदाही लिहिलेला नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. तथापि लाल शाईचा धाक कोणत्याही कलमाने जात नाही. निबंध तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी, उरलेल्या पुढच्या खेपेस, असा संयम काही शिक्षक पाळतात. त्यांच्या वर्गातल्या वह्यांत चुका कदाचित अधिक दिसतील. पण ‘पुरणपोळी’ही दिसेल.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. वऱ्हाड, खानदेश आणि इतरही अनेक भागांतील घरांत ‘पानी’, ‘लोनी’ असेच बोलले जाते. शहरातल्या वर्गात अशा घरांतली मुले असतात, तशीच हिंदी बोलणाऱ्या घरांतलीही असतात. त्यांच्या उच्चाराला वर्ग हसला, की ते मूल तोंड मिटते आणि मग त्याचे शब्द वाढण्याचा मार्गच खुंटतो. बोलताना ‘पानी’ आणि लिहिताना ‘पाणी’, इतके समजुतीने सांगणे पुरते. न-णचा गोंधळ निस्तरायला भेंड्यांचा खेळ उपयोगी पडतो. ‘ण’ आला की गाडी अडते, कारण मराठीत या अक्षराने शब्द सुरूच होत नाही, ‘ळ’चेही तेच. शब्दारंभी नेहमी ‘न’, हे खेळता खेळता पक्के होते.

शब्दसंपत्तीचे म्हणाल, तर अर्थांच्या याद्यांनी ती फारशी वाढत नाही. ‘विपुल म्हणजे पुष्कळ’ एवढेच पाठ केलेले मूल ‘मला विपुल भूक लागली’ असे लिहिते आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. शब्द आपल्या सोबत्यांसह भेटला पाहिजे. जुलैतल्या एखाद्या दिवशी खिडकीबाहेर बोट दाखवून हा पाऊस कोणता, असे विचारावे. रिमझिम, भुरभुर, रिपरिप, सर, झड, मुसळधार असे एकेक नाव पुढे येते. वळीव हा त्यातला नव्हे, हेही कोणीतरी सांगते. पागोळी म्हणजे काय, हे मात्र बहुमजली इमारतीत राहणाऱ्या मुलांना चित्र काढूनच दाखवावे लागते. याच तासात ‘पाऊस’चे ‘पावसात’ होते, ‘देऊळ’चे ‘देवळात’, हे सहज सांगून होते. गोष्ट लिहिताना प्रत्येक पात्र केवळ ‘म्हणाले’ न लिहिता पुटपुटले, कुजबुजले, दटावले, विनवले यांतून निवडायला लावले, तरी वाक्याचा रंग पालटतो. आणि अर्थात वाचन: ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांच्या हाती पडत आले आहे.

शाळेबाहेरचा रस्ता हेही एक पाठ्यपुस्तकच, फक्त त्याची मुद्रिते कोणी तपासलेली नसतात. चौकातल्या फलकांवरून ‘हार्दीक’ आणि ‘दिपावली’ ही रूपे मुले रोज वाचतात. ती टिपून आणायला सांगितली, तर सोमवारी वर्गात हशा पिकतो. त्यातच एखादे चौकस मूल विचारते, ‘दिवाळी’ची वेलांटी पहिली, मग ‘दीपावली’ची दुसरी का? अशा वेळी शिक्षकाने थोडे थांबावे. ‘दिवा’ घरचा आणि ‘दीप’ पाहुणा, हे मागच्या बाकावरून कोणीतरी सांगेल.