करकर नेमकी कुणाची?

किल्ली फिरवताच करकर आवाज आला की पहिला संशय बॅटरीवर जातो. पण बॅटरी उतरली असेल तर बहुधा नुसती टकटक ऐकू येते. धातूवर धातू घासल्याची करकर सांगते की स्टार्टर फिरतो आहे, मात्र त्याच्या पिनियनचे दाते फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये नीट बसत नाहीत. दोष पिनियनचा, त्याला पुढे ढकलणाऱ्या सोलेनॉइडचा, सैल बोल्टांचा की रिंग गिअरचा? चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना आतल्या दाबामुळे बहुधा ठरावीक दोन जागीच थांबते, म्हणून रिंगचे तेवढेच दाते जास्त झिजतात. तेव्हा कधी करकर, कधी सगळे सुरळीत, असे होत असेल तर रिंग तपासायलाच हवी.

नवा स्टार्टर बसवला की आवाज थांबतो, मग एवढ्या खोलात कशाला जायचे, असे कुणी विचारेल. दोष स्टार्टरचाच असेल तर ते ठीक. पण झिजलेली रिंग नव्या पिनियनचेही दाते खाते आणि खर्च दुसऱ्यांदा पदरी पडतो. स्टार्टर उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेलीच असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीला पाना लावायचा, इंजिन हळूहळू पूर्ण फिरवायचे आणि स्टार्टरच्या मोकळ्या जागेतून टॉर्चने प्रत्येक दाता पाहायचा. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ही पाहणी मेकॅनिककडे आग्रहाने मागावी.