बाटल्या धुणाऱ्याचा पगार

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शर्मरहॉर्न हॉल या इमारतीत ६१३ क्रमांकाची एक खोली होती. २३ बाय १६ फुटांची. आत आठ टेबले, दुधाच्या बाटल्यांच्या रांगा, बाटल्यांत फळमाश्या आणि सगळीकडे पिकलेल्या केळ्यांचा वास. टी. एच. मॉर्गन यांच्या या खोलीत जनुके गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात हे सिद्ध झाले आणि आधुनिक आनुवंशिकी उभी राहिली. १९१० च्या सुमारास तिथे पदवीच्या वर्गातले दोन विद्यार्थी आले. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट कोलंबियातच शिकवणाऱ्या थोरल्या भावाच्या घरी राहायचा (हा भाऊ पुढे हित्ती भाषेचा मोठा अभ्यासक झाला). घोड्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर टिपण लिहून त्याने मॉर्गन यांना दाखवले आणि खोलीत टेबल मिळवले. १९११ मध्ये वर्गाचा अभ्यास बाजूला सारून त्याने एका रात्रीत जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. दुसरा कॅल्विन ब्रिजेस. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीने वाढवलेला, पैशांची चणचण कायमची. त्याला मॉर्गन यांनी बाटल्या धुण्याच्या कामावर ठेवले. धुवायला आलेल्या बाटलीच्या जाड काचेतून त्याला लाल डोळ्यांच्या माश्यांत एक शेंदरी डोळ्यांची माशी दिसली, असे सांगतात. १९१६ मध्ये ‘जेनेटिक्स’ हे नियतकालिक सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या अंकात पहिल्या पानापासून छापलेला शोधनिबंध या ब्रिजेसचा होता.

ही गोष्ट सहसा तीक्ष्ण नजरेची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला पगाराचा तपशील ओझरता येतो, आणि या लेखाला तोच महत्त्वाचा वाटतो. स्टर्टेव्हंटला डोक्यावर छप्पर होते, त्यामुळे तो कुतूहलाच्या बळावर आत येऊ शकला. ब्रिजेसला आत यायला मजुरी लागली. बाटल्या धुण्याचे काम ‘अनुभव मिळेल’ या बोलीवर देऊ केले असते तर तो दुसरीकडे कुठे तरी पैसे मिळवायला गेला असता, आणि त्याबद्दल त्याला कुणी दोषही दिला नसता. विद्यापीठांच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांत पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी छोटी कामे पगारी असावीत आणि जाहीर करून भरली जावीत, असे माझे म्हणणे आहे. गरिबांची सोय व्हावी हे त्याचे एक कारण. पण विज्ञानाला माणसे कुठून मिळणार, हे याच कामांच्या पातळीवर ठरते, हे त्याहून मोठे कारण आहे.

ही कामे काय असतात ते आधी पाहू. अमेरिकी विद्यापीठात जीवशास्त्राच्या लॅबमध्ये नवा विद्यार्थी आला की पहिले काही आठवडे तो काचसामान धुतो, ऑटोक्लेव्ह लावतो, अगरच्या प्लेटा ओततो. फळमाश्यांच्या लॅबमध्ये मक्याचे पीठ, यीस्ट, साखर आणि अगर शिजवून माश्यांचे खाणे करतो आणि जुन्या कुप्यांतल्या माश्या ठरल्या दिवशी नव्या कुप्यांत हलवतो. २५ अंश सेल्सिअसला माशीची पिढी साधारण दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे या कामाला सुट्टी माहीत नसते. झेब्राफिशच्या लॅबमध्ये टाक्या आणि खाणे, उंदरांच्या लॅबमध्ये कोणत्या पिलाला कोणते जनुक आले हे पाहण्यासाठी पीसीआर, वनस्पतिसंग्रहात वाळवलेल्या नमुन्यांची छायाचित्रे आणि नोंदी, कुठे नुसतेच सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांतल्या पेशी मोजणे. कंटाळवाणी आहेत ही कामे. पण जिवंत वस्तूवर संशोधन करायचे तर कुणाला तरी ती रोज करावीच लागतात, आणि करता करता विद्यार्थ्याच्या हाताला पिपेटचे वळण लागते, वही नीट लिहायची सवय लागते, प्रयोग फसल्यावर थोरले काय करतात ते दिसते. सहा महिन्यांनी त्याच्या हाती एखादा लहानसा प्रश्न सोपवला जातो. पाठ्यपुस्तकात शोध असतात. त्याआधीचे फसलेले पंचवीस प्रयत्न बघायचे तर असे आत असावे लागते.

अमेरिकेत या कामांना पैसा बहुधा तीन वाटांनी येतो. पहिली वाट १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून निघालेली फेडरल वर्क-स्टडी योजना. गरजू विद्यार्थ्याच्या तासाच्या मजुरीतला साधारण ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार देते आणि उरलेला विद्यापीठाकडून येतो. मजुरी किमान वेतनाखाली जाऊ शकत नाही. प्रोफेसरच्या दृष्टीने पाहिले तर एका विद्यार्थ्याचा खर्च पाव पटीवर येतो. दुसरी वाट उन्हाळी कार्यक्रमांची. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यात आठ-दहा आठवडे दुसऱ्या विद्यापीठात जाऊन पूर्ण वेळ काम करायचे आणि विद्यावेतन घ्यायचे. एमआयटीने तर १९६९ मध्येच मार्गारेट मॅकविकार यांच्या पुढाकाराने वर्षभर चालणारा असा कार्यक्रम काढला होता. तिसरी वाट प्रोफेसरच्या स्वतःच्या अनुदानाची. पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांसाठी मुख्यतः ही तिसरीच उरते. वर्क-स्टडी परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, विज्ञान प्रतिष्ठानचा कार्यक्रम नागरिक आणि कायम रहिवाशांपुरता आहे, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच विद्यापीठाच्या आवारात काम करता येते.

इतक्या सोयी असूनही अमेरिकेतल्या बऱ्याच जागा जाहीर होतच नाहीत. प्रोफेसरला ईमेल लिहायचा, त्याचे दोन शोधनिबंध वाचल्याचे त्यात दाखवायचे, उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी आठवण करायची, ही रीत कुठल्या सूचनाफलकावर नसते. ज्याच्या घरात कुणी पीएचडी केली आहे त्याला ती जेवणाच्या टेबलावर कळते. वर अनेक ठिकाणी ‘पहिले सत्र बिनपगारी, मग बघू’ असा अलिखित नियम. गीता बंगेरा आणि सारा ब्राउनेल यांनी २०१४ मध्ये जीवविज्ञान-शिक्षणाच्या एका नियतकालिकात याच अडथळ्यांची मांडणी केली. अशी संधी असते हे माहीत नसणे, प्रोफेसरकडे जायचा संकोच, बिनपगारी तास न परवडणे, आणि प्रोफेसरनेही आपल्यासारखे दिसणारे, चांगल्या गुणांचे विद्यार्थीच निवडणे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र वेगळा होता. संशोधन अभ्यासक्रमातच आणा, म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाच्या वाट्याला ते येईल. २००८ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकी कार्यक्रमात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मातीतून जिवाणूभक्षी विषाणू शोधून त्यांचे जनुकसंच वाचतात. तो याच विचाराचा. कल्पना उत्तम आहे आणि आपल्याकडे सहज आणण्याजोगी आहे. पण तासिका आठवड्याला चार-सहा तासांची असते, सत्र संपले की संपते, आणि संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या मुलाची संध्याकाळ ती मोकळी करत नाही. वर्गातल्या संशोधनाने गोडी लागेल. ती टिकवायला तासांचे मोल द्यावे लागेल.

प्रोफेसर मंडळींचा पहिला आक्षेप रास्त आहे. नवखा विद्यार्थी मदतीपेक्षा ओझे जास्त, त्याला शिकवण्यात पीएचडीवाल्याचे आठवडे जातात, तो महागडे रसायन सांडतो आणि परीक्षा आली की गायब होतो. त्याला वर पैसे का द्यायचे? आक्षेपाचा पूर्वार्ध पूर्ण मान्य. पण हिशेब एका सत्रापुरता मांडला तर प्रत्येक विद्यार्थी तोट्यातच निघेल. शिकवण्याचा खर्च सुरुवातीला एकदाच होतो, त्याचा परतावा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळतो. म्हणून प्रश्न विद्यार्थी टिकतो का हा आहे, आणि टिकण्याचा पगाराशी थेट संबंध आहे. फुकट येणाऱ्याला ‘उद्या नक्की ये’ असे हक्काने म्हणता येत नाही. पगार घेणाऱ्याला म्हणता येते. आणि माश्यांचे खाणे शिजवायला विद्यार्थी नसला की ते काम दरमहा ३७,००० रुपये किंवा त्याच्या अमेरिकी बरोबरीचे विद्यावेतन घेणारा पीएचडीचा विद्यार्थी करतो. ही काही बचत म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गोड बोलतो: पैसे नकोत, श्रेयांक द्या. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी श्रेयांकांना शुल्क पडते, त्यामुळे श्रेयांकासाठी राबणारा विद्यार्थी खरे तर काम करण्याचे पैसे भरत असतो. आपल्याकडे राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात साधारण ३० तासांना एक श्रेयांक आहे आणि महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला जागा आहे. हे चांगलेच झाले. पण सक्तीचे तास आणि बिनपगारी जागा यांची गाठ पडली की बाजार उभा राहतो. जैवतंत्रज्ञानाच्या एमएस्सीच्या मुलांना त्याचा परिचय आहे. खासगी लॅबला शुल्क भरायचे, ठरावीक आठवडे ठरावीक प्रयोग करायचे, शेवटी प्रबंध आणि प्रमाणपत्र घेऊन यायचे. त्यातून काही मुले तंत्र शिकतातही. मात्र ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक आहे त्याला संशोधन म्हणणे कठीण, आणि प्रवेश पाकिटाच्या जाडीवर ठरतो हे तर उघडच.

पगाराची आणखी एक बाजू आहे, ती वेतनचिठ्ठीवर दिसत नाही. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये आग लागून २३ वर्षांची एक संशोधन सहायक भाजली आणि जानेवारीत गेली. ती पगारी कर्मचारी होती, म्हणून राज्याचे कामगार-सुरक्षा खाते चौकशीला येऊ शकले आणि पुढे फौजदारी आरोपांपर्यंत प्रकरण गेले. कर्मचारी नसलेला विद्यार्थी त्या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये अतिनील दिवे, एथिडियम ब्रोमाइड, रोगजंतू, द्रवरूप नायट्रोजन हे सारे हाताशी असते. हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलाला तिथे रात्री एकटे सोडणे म्हणजे त्याच्या उत्साहाची किंमत त्याच्याकडूनच वसूल करणे होय.

आता पुराव्याचा प्रश्न. सुसान रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. पदवीच्या काळात संशोधन केलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी विज्ञान-तंत्रज्ञानात करिअर करण्याची आपली ओढ वाढल्याचे सांगितले. शंकेखोर लगेच म्हणेल की जे गेले ते मुळातच ओढ असलेले होते, आणि स्वतःबद्दल विद्यार्थी गोडच बोलतात. शंका खरी आहे. अशा पाहण्यांतून कारण आणि परिणाम पूर्ण सुटे करता येत नाहीत. त्याहून बळकट आधार मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी आवारातल्या मेयरहॉफ कार्यक्रमाचा. १९८८ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या या कार्यक्रमात निवड होऊनही दुसरीकडे गेलेल्या मुलांशी तुलना केली गेली. गुणवत्ता सारखी असूनही कार्यक्रमातली मुले विज्ञानातल्या पीएचडीकडे सुमारे पाचपट प्रमाणात वळली. तिथे शिष्यवृत्ती, उन्हाळी संशोधन, गटाचा आधार असे सगळे एकत्र होते, म्हणून श्रेय एकट्या लॅबच्या कामाला देता येणार नाही. पण इतके नक्की म्हणता येते की पैशाची चिंता कमी करून आणि लॅबचे दार उघडून दिल्याने माणसे घडतात, आधीच घडलेली फक्त निवडली जात नाहीत.

पैशाने कुतूहल मरते, असेही काही जण म्हणतात. नेट उत्तीर्ण संशोधकाला विद्यावेतन मिळते म्हणून त्याचे कुतूहल मेले असे कुणी म्हणत नाही, मग बीएस्सीच्या मुलाचेच का मरावे? मॉर्गन यांना १९३३ चे नोबेल मिळाले तेव्हा त्यांनी पुरस्काराच्या रकमेत स्वतःच्या मुलांबरोबर ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट यांच्या मुलांनाही वाटा दिला. त्या खोलीत पैसा आणि विज्ञान एकमेकांना विटाळत नव्हते.

महाराष्ट्राला तर हे सांगायलाच नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर, आणि त्याच नावाची योजना आज आपल्या विद्यापीठांत चालते. विद्यार्थी कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत, कधी प्रयोगशाळेतही तासांवर काम करतात. पण तिथले लॅबचे काम बहुधा प्रात्यक्षिकाच्या मांडामांडीपुरते राहते. त्याच आवारात एखाद्या प्राध्यापकाचा संशोधन प्रकल्प चालू असतो आणि त्यात बीएस्सीच्या मुलाच्या तासांसाठी रकाना नसतो. दुसऱ्या टोकाला ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. बारावीच्या मंडळनिहाय वरच्या एक टक्क्यात असाल तर वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी संशोधनासाठी. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्तीही आहे. दोन्ही चांगल्या. पण त्या बारावीतच चमकलेल्या किंवा शिफारसपत्र मिळवू शकणाऱ्या मुलांच्या. उमरग्याच्या किंवा शहाद्याच्या महाविद्यालयातला, दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्रात रमू लागलेला, बारावीला ६२ टक्के मिळालेला विद्यार्थी या दोन टोकांच्या मधल्या पोकळीत राहतो. ही पोकळी भरायला नवी संस्था लागणार नाही. कमवा आणि शिका योजनेतला तासाचा दर अर्धा विद्यापीठाने आणि अर्धा प्रकल्पाच्या अनुदानातून द्यावा, आणि जागा महाविद्यालयाच्या फलकावर लावावी: काम काय, आठवड्याचे तास किती, दर किती, शिकवणार कोण, किती महिन्यांनी स्वतःचा प्रश्न मिळणार.

फक्त ही रक्कम प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, दुसरीकडे वळवता येणार नाही अशी हवी. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या निधीला कात्री लागली तेव्हा राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्या वर्षीचा आपला उन्हाळी इंटर्नशिप कार्यक्रम रद्द केला. यंत्रांचे करार चालू राहतात, पीएचडीवाल्यांची विद्यावेतने कशीबशी भागवली जातात. ज्याची नेमणूक कुठल्याच कागदावर नीट नसते त्या बाटल्या धुणाऱ्याचे नाव यादीतून सर्वांत आधी कमी होते.