ढोराच्या दवाखान्यात लॅब्राडोर

तालुक्याच्या ढोराच्या दवाखान्यात शिरलं की आधी नजरेत भरतो तो खोडा. लोखंडी नळ्यांच्या त्या चौकटीत बैल उभा करायचा, मागून आडवी नळी सरकवायची, मग डॉक्टरांनी हात लावायचा. कुणी गाय भरवायला आलेलं असतं, कुणाच्या शेळीचं पोट फुगलेलं, कुणाच्या म्हशीचा जार पडत नसतो. या गर्दीत अलीकडे एक माणूस वेगळा उठून दिसतो. त्याच्या हातात दाव्याऐवजी पट्टा असतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला धापा टाकणारा लॅब्राडोर.

परळी वैजनाथच्या परिसराला कुत्रं नवं नाही. आखाड्यावर, ऊसतोडीच्या टोळीबरोबर ते पिढ्यान् पिढ्या आहे. फक्त ते आजारी पडलं तर आपलं आपण बरं व्हायचं, नाहीतर दिसेनासं व्हायचं. कॉलनीतल्या घरात पैसे मोजून आणलेलं पिल्लू जेवलं नाही तर मात्र सगळं घर उपाशी बसतं. दवाखान्यातून परतल्यावर तक्रार ठरलेली : ‘डॉक्टरनं नीट बघितलंच नाही, इंजेक्शन टोचलं आन् जा म्हणाले.’

तक्रार खोटी नसते, पण अर्धी असते. सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती दुधाच्या आणि कामाच्या जनावरांसाठी. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या या लसींचं वेळापत्रक तिथं आधी चालतं. बीड ऊसतोड कामगारांचा जिल्हा; बैलानं पाय उचलून धरला तर एका कुटुंबाचा हंगाम बसतो. 2022 मध्ये लम्पी पसरला तेव्हा सगळी यंत्रणा गोठ्यांकडे धावली. अशा रांगेत पॉमेरियन मागे पडला तर मला त्याचं नवल वाटत नाही. डॉक्टरला कुत्रं कळत नाही, असं मात्र नाही. साडेपाच वर्षांच्या पदवीत गायीपासून मांजरापर्यंत सगळं शिकवलेलं असतं. तालुक्याला उणीव असते ती एक्स-रेची, रक्ततपासणीची आणि रात्री उघड्या दाराची.

शिवाय पेशंट बोलत नाही आणि मालक नको ते बोलतो. ‘साहेब, अंग लई गरम लागतंय, खाईनाच गेलंय,’ इथून सुरुवात होते. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते तापल्यासारखंच लागणार. घरचे मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणून देतात, आणि घोटाळा तिथं होतो. मांजरासाठी पॅरासिटामॉल विष आहे. एक गोळीही जीव घेऊ शकते. माणसांची आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवते. डॉक्टर ‘घरी काय दिलं?’ असं दरडावून विचारतात तेव्हा राग येतो खरा, पण त्या उत्तरावर पुढचं औषध ठरतं. कांद्याची भाजी घातली असेल तर तेही सांगावं. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही.

सगळ्यात जास्त रडारड होते पार्व्होवरून. शहरातून आणलेलं महिनाभराचं पिल्लू चार दिवस बागडतं, मग उलट्या सुरू, मग रक्ताची घाण वासाची हगवण. या विषाणूला नेमकं मारणारं औषध हाताशी नसतं. सलाइन लावून शरीरातलं पाणी टिकवायचं, दुसरा जंतुसंसर्ग रोखायचा आणि पिल्लाच्या आतड्याला सावरायला वेळ द्यायचा, एवढाच उपचार. तो काही दिवस चालतो. एका इंजेक्शनात बरं व्हावं ही अपेक्षा घेऊन आलेल्या माणसाला रोजची सलाइन म्हणजे लूट वाटते. काही जण दुसऱ्याच दिवशी यायचं थांबवतात.

‘लस दिली होती की!’ हेही ऐकू येतं. पण कितीदा? पिल्लाला आईच्या चिकातून संरक्षण मिळतं आणि तेच संरक्षण लसही निष्प्रभ करतं. ते प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. एका डोसवर थांबणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्यात लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. मे महिन्यात लातूरहून खिशात घालून आणलेली बाटली टोचून घेण्यात काही अर्थ उरत नाही.

रेबीजबाबत तर घरच्या कुत्र्यावरचा विश्वास फार महाग पडू शकतो. पिल्लाला तीन महिन्यांनंतर लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. चावा कुणाचाही असो, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. हळद-चुना भरून वेळ घालवायचा नाही. लक्षणं दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

पाय मोडला, विष पोटात गेलं, पिल्लू अडलं, की खरी परीक्षा. माणसाला हलवायचं तर पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरासाठी 1972 चं परभणीचं किंवा 1987 चं उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. गंमत अशी की परळी स्थानकातून दोन्हीकडे रूळ जातात, पण कुत्र्याला साध्या डब्यात बसवता येत नाही. मग गाडी ठरवायची. 1962 या क्रमांकावर फिरतं पथक दारात येतं ही चांगली सोय, पण शस्त्रक्रिया आणि दाखल करून घेणं हे गाडीत होत नाही.

2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं बारामतीबरोबर परळीलाही पशुवैद्यक पदवी महाविद्यालय मंजूर केलं. इमारतीची चर्चा बरीच झाली. मला त्याच्या दवाखान्याचं अप्रूप जास्त. अशा महाविद्यालयाला शिकवण्यासाठी चिकित्सा संकुल ठेवावंच लागतं, कारण विद्यार्थ्यांना रोज पेशंट हवे असतात, आणि तेही सगळ्या जातींचे. तिथं एक्स-रे, भूल, प्रयोगशाळा आली तर लॅब्राडोरवाला आणि बैलवाला एकमेकांच्या रांगेत राहणार नाहीत. तोपर्यंत लंगडणाऱ्या कुत्र्याचा किंवा झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून नेलेला बरा. घाबरलेलं जनावर टेबलावर चढलं की लंगडायचंही विसरतं, आणि डॉक्टरांना पाहायचं असतं नेमकं तेच.