तुला हे येतं का?

कळव्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली होती. पानाचा फोटो दाखवला की संगणकाने झाड ओळखायचे, असा मुलांचा प्रकल्प. त्यासाठी लागणारा तयार प्रोग्रॅम त्यांनी दोन संगणकांवर चढवला. एक देणगीत आलेला, २०११ चा. दुसरा शाळेने स्वतः घेतलेला, २०१८ चा. जुन्यावर प्रोग्रॅम चालला. नव्यावर मात्र तो सुरू होताच बंद पडे आणि पडद्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे ‘अवैध आज्ञा’, एवढेच दोन शब्द उमटत. ‘नवा संगणक बिघडला’ असे ठरून दुरुस्तीवाल्याला बोलावणेही गेले होते. मी जवळच राहतो म्हणून बाईंनी मला विचारले. जाऊन पाहिले तर बिघडलेले काहीच नव्हते!

प्रोसेसरला ठराविक आज्ञाच कळतात. दर काही वर्षांनी त्यांत नव्यांची भर पडते. इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ साली ‘एव्हीएक्स’ नावाच्या आज्ञा आल्या. त्यांनी दशांश संख्यांच्या आठ जोड्यांची बेरीज किंवा गुणाकार एकदम होतो. चित्र ओळखणे म्हणजे मुख्यतः असे लाखो गुणाकार आणि बेरजाच, त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना या आज्ञा फार सोयीच्या. पण २०१८ च्या स्वस्त ‘पेंटियम गोल्ड’ प्रोसेसरांत त्या दिलेल्याच नव्हत्या. २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या ‘कोअर आय ५’ मध्ये होत्या. अनोळखी आज्ञा समोर आली की प्रोसेसर थांबतो, संगणकाच्या कार्यप्रणालीला तसे कळवतो आणि ती प्रोग्रॅम बंद करते.

लोकलगाडी किती नवी आहे यावरून ती कळव्याला थांबेल का हे सांगता येत नाही. त्यासाठी इंडिकेटरच पाहावा लागतो. प्रोसेसरचेही तसेच. मग त्याचा इंडिकेटर कुठे असतो?

१९९३ साली पेंटियमबरोबर ‘सीपीयूआयडी’ ही आज्ञा आली. प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. त्यांपैकी एकात प्रश्नाचा क्रमांक ठेवायचा आणि ही आज्ञा द्यायची. उत्तर चार कप्प्यांत मिळते. प्रश्न ० विचारला तर तीन कप्प्यांत चार-चार अक्षरे, अशी बारा अक्षरे येतात: इंटेलचा प्रोसेसर असेल तर ‘जेन्युइनइंटेल’ (रोमन लिपीत मोजा, बरोबर बारा भरतात). प्रश्न १ विचारला तर दोन कप्प्यांत प्रत्येकी ३२ शून्ये-एकं येतात. एकेक बिट म्हणजे एकेका क्षमतेचे ‘हो’ किंवा ‘नाही’. एव्हीएक्सचे उत्तर २८ क्रमांकाच्या बिटात असते.

पण थांबा. ही आज्ञाही कधीतरी नवीनच होती. ४८६ किंवा ३८६ ला ती कळते का, हे कसे विचारणार? विचारायला गेलो आणि कळत नसेल, तर पुन्हा ‘अवैध आज्ञा’! यावरची युक्ती मला फार आवडते. फ्लॅग नावाच्या रजिस्टरमधला २१ क्रमांकाचा बिट उलटा करायचा आणि परत वाचायचा. उलटा झालेला दिसला, तर सीपीयूआयडी आहे. पूर्ववत दिसला, तर नाही. प्रश्न न विचारता वागणूक पाहायची. गणिताचा वेगळा सहप्रोसेसर बसवलेला आहे का, हेही असेच ओळखत. स्मृतीत मुद्दाम काहीतरी निरर्थक संख्या ठेवायची आणि सहप्रोसेसरला ‘तुझी स्थिती इथे लिही’ म्हणायचे. संख्या तशीच राहिली, तर लिहिणारा कोणी नाही.

वागणूक पाहणे कधीकधी उत्तरापेक्षाही खरे ठरते. १९९४ साली अमेरिकेतले गणिती थॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणा आणि तो गुणाकार ४१९५८३५ मधून वजा करा. शून्य यायला हवे. सदोष पेंटियमवर २५६ येत असे. भागाकार येतो का, असे विचारले असते तर तो ‘हो’च म्हणाला असता. लिनक्स कार्यप्रणाली सुरू होताना हेच गणित करून पाहत असे.

एव्हीएक्सच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एकाच फळ्यावर दोन शिक्षक आळीपाळीने लिहितात असे समजा. तास बदलताना शिपाई फळ्यावरचे उतरवून ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा लिहून देतो. कार्यप्रणाली हे काम रजिस्टरांसाठी करते. एव्हीएक्समुळे ही रजिस्टरे १२८ बिटांवरून २५६ बिटांची, म्हणजे दुप्पट रुंद झाली. शिपायाला फळ्याचा फक्त जुना अर्धा भाग ठाऊक असेल, तर उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्याचेच आकडे राहतील आणि उत्तरे गुपचूप चुकतील. म्हणून प्रोसेसरने ‘हो’ म्हटल्यावरही कार्यप्रणाली ही रुंद रजिस्टरे सांभाळते आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

तुमच्या शाळेत लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ हा आदेश रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत देऊन पाहा. ‘फ्लॅग्ज’ या शब्दापुढे येणारी लांबलचक यादी म्हणजे त्या प्रोसेसरने दिलेली उत्तरे. दोन संगणकांच्या याद्या मुलांना ताडून पाहायला सांगा.

आम्ही तेच केले. नव्या संगणकाच्या यादीत ‘एव्हीएक्स’ नव्हते. त्याच प्रोग्रॅमची एव्हीएक्सशिवाय बांधलेली आवृत्ती मिळाली, ती नव्यावर चढवली आणि दुरुस्तीवाल्याला ‘येऊ नका’ म्हणून कळवले. पान ओळखायला नवा संगणक जुन्यापेक्षा जास्त वेळ घेतो. प्रदर्शनात मुलांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि असे का होते, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगितले.